खाशाबा जाधव : नावाची कमाई



आमच्या कुरुंदवाडात अकरावी-बारावीच्या वर्गावर शिकवताना एक गोष्ट हमखास दिसते. मागच्या बाकांवर चार-दोन मुलं अशी असतातच की ज्यांच्या तळहातांना घट्टे पडलेले असतात आणि पहिल्या तासाला डोळे मिटायला लागलेले असतात. ही वेटलिफ्टिंगची पोरं. पहाटे जिममध्ये, संध्याकाळी परत जिममध्ये, आणि मधल्या वेळेत आमच्यासमोर. बाहेरच्या वाचकांना सांगतो, कृष्णा-पंचगंगेच्या काठावरचं हे छोटंसं गाव. पलीकडे नरसोबाची वाडी. लोक वाडीला दर्शनाला येतात, बासुंदी घेतात आणि परत जातात. पण जुलै 2014 मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच गावच्या तिघांनी वेटलिफ्टिंगमध्ये कांस्यपदकं आणली. गणेश माळी 56 किलो गटात, ओंकार ओतारी 69 किलो गटात आणि चंद्रकांत माळी 94 किलो गटात. एका स्पर्धेत, एका खेळात, एका गावाची तीन पदकं! तेव्हापासून इथल्या प्रत्येक घरात एखादं तरी पोर बारबेलकडे बघत मोठं होतं.

तर त्यातलाच एक मुलगा परवा मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी घुटमळत होता. आत बोलावलं तर सांगायला लागला की जवळच्या शहरातला एक दुकानदार त्याला प्रोटीन पावडरचे दोन डबे फुकट आणि वर महिन्याला तीन हजार रुपये द्यायला तयार आहे. त्याने फक्त दुकानाचं नाव छापलेला टी-शर्ट घालून, गळ्यात राज्य स्पर्धेतलं पदक अडकवून, महिन्यातून चार रील टाकायच्या. मुलाच्या घरची परिस्थिती मला ठाऊक आहे. तीन हजारात त्याच्या दुधाचा आणि अंड्यांचा खर्च निघतो. पण त्याच्या वडिलांना हे पटेना. त्यांचं म्हणणं असं की खेळ विकायचा नसतो. मुलाला माझं मत हवं होतं.

मी मराठीचा शिक्षक. क्रीडाशिक्षक नव्हे आणि वकीलही नव्हे. मी त्याला दुसऱ्या दिवशी या म्हटलं. घरी गेल्यावर डोक्यात एकच नाव घोळत राहिलं, ते म्हणजे खाशाबा जाधव. दुसऱ्या दिवशी एकट्या त्याला न सांगता सगळ्या वर्गालाच खाशाबांची गोष्ट सांगितली. तीच आज इथे लिहून काढतोय.

गोळेश्वरचं पोर

सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर नावाचं गाव आहे. तिथे 15 जानेवारी 1926 रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. घरात कुस्ती होतीच, त्यामुळे लाल मातीची ओळख कुणी मुद्दाम करून द्यावी लागली नाही. शाळा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाली. 1942 चं आंदोलन पेटलं तेव्हा हा मुलगा शाळेतच होता. भूमिगत क्रांतिकारकांना आसरा देणं, इंग्रजांविरुद्धची पत्रकं पोचवणं, अशी कामं त्याने केली.

अंगापिंडाने खाशाबा काही दांडगे नव्हते. उंची साडेपाच फुटांच्या आसपास, वजन बेताचं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात ते शिकायला आले, तेव्हाची एक हकीकत नेहमी सांगतात. वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला गेले, तर त्यांची कुडी बघून क्रीडाशिक्षकांनी नाव घ्यायलाच नकार दिला. पोरगं तडक प्राचार्यांकडे गेलं. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि खाशाबांनी आपल्यापेक्षा भारी पैलवानांना एकापाठोपाठ एक अस्मान दाखवलं. क्रीडाशिक्षकांचा त्या दिवशी अंदाज चुकला, पण मला त्यांचा फारसा राग येत नाही. वर्गात बसून मुलांबद्दल आम्हीही असे अंदाज रोज बांधतो आणि ते रोज चुकतात.

ते प्राचार्य म्हणजे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला ज्यांचं नाव आहे, तेच हे. हे नाव लक्षात ठेवा, गोष्टीत पुढे ते परत येणार आहे.

खाशाबांचं बळ दंडापेक्षा पायात आणि डोक्यात होतं. समोरचा पैलवान पकड घेईपर्यंत हे जागेवरून निसटलेले असायचे. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत आवळून त्याला आपल्या अंगावरून पलटी मारायची, असा हा डाव. ज्याला ढाक नीट बसते त्याला वजनाची फार भीती राहत नाही. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांनी त्यांना घडवलं.

लंडन आणि गादी

1948 साली लंडनला ऑलिम्पिक झालं. खाशाबांची निवड झाली, पण जायला पैसे हवेत. तेव्हा कोल्हापूर संस्थान अजून विलीन व्हायचं होतं. महाराजांनी त्यांच्या प्रवासाचा खर्च उचलला. इथे थोडं थांबून कोल्हापूरची रीत समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही.

शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबाग मैदान बांधलं, हे तुम्ही पुस्तकात वाचलेलं आहे. राजाश्रय म्हणजे काय, तर पैलवानाला खुराक मिळायचा, तालमीत राहायची सोय व्हायची, मैदान मारलं की इनाम मिळायचं आणि फेटा बांधला जायचा. गावोगावच्या जत्रेतही तेच. लहान मुलांच्या कुस्त्या नारळावर किंवा रेवड्यांवर, मग पाच रुपयांची, मग पन्नासची, आणि शेवटी मोठ्या जोडीची कुस्ती. पैलवानाचं नाव जसजसं वाढेल तसतसं इनाम वाढायचं, कारण त्या नावावर गर्दी जमायची. हलगी कडाडायला लागली की लोक चार कोसांवरून चालत यायचे ते जत्रेच्या देवासाठी थोडे आणि अमक्या पैलवानाची कुस्ती बघायला जास्त. आज ज्याला पर्सनल ब्रँड म्हणतात तो आमच्याकडे हलगीच्या तालावर शंभर वर्षांपूर्वीच उभा होता. त्यात कुणाला लाज वाटत नव्हती.

लंडनला मात्र वेगळंच जग होतं. खाशाबांनी जन्मभर मातीत कुस्ती केलेली. ताक, तूप, हळद, कापूर घालून मळलेली ती माती. तिकडे माती नव्हती, गादी होती. पायाखाली घसरणारी, अनोळखी. इथे पाठ लागली की निकाल, तिकडे वेळ मोजून गुण मोजायचे. अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी त्यांना तिकडचे नियम आणि पवित्रे शिकवले. तेवढ्या शिदोरीवर फ्लायवेट गटात खाशाबांनी ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवलं आणि सहावा क्रमांक मिळवला. गादीवर पहिल्यांदाच उतरलेल्या मुलाने जगात सहावं यावं ही काही छोटी बाब नाही. पण खाशाबा त्यावर खूश नव्हते. त्यांनी परत आल्यावर सराव आणखी वाढवला आणि चार वर्षांनंतरच्या हेलसिंकीवर डोळा ठेवला.

सात हजार रुपये

या चार वर्षांत एक मोठी गोष्ट बदलली होती. संस्थानं गेली. आमच्या कुरुंदवाडची थोरली पाती आणि धाकटी पाती 1948 मध्ये मुंबई राज्यात विलीन झाल्या, कोल्हापूर पुढच्या वर्षी. लोकशाही आली ते उत्तमच झालं. पण पैलवानाच्या पाठीशी उभा असलेला दरबार गेला आणि त्याच्या जागी उभं राहायला अजून कुणी आलेलं नव्हतं. क्रीडा खात्याची शिष्यवृत्ती, प्रायोजक, रेल्वेतली किंवा सैन्यातली खेळाडूंची भरती, आज तुम्हाला ज्या गोष्टी ऐकून माहीत आहेत, त्यांतलं त्या वेळी खाशाबांच्या हाताशी काहीच नव्हतं.

आधी तर निवडीतच घोळ झाला. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत एका गुणाच्या फरकाने त्यांना हरलेलं ठरवलं. आपल्यावर अन्याय झाला असं त्यांना ठामपणे वाटत होतं. भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष तेव्हा पतियाळाचे महाराज होते. खाशाबांनी त्यांच्याकडे दाद मागितली. महाराजांना कुस्तीची जाण होती, त्यांनी फेरकुस्ती लावली आणि खाशाबांनी ती बघता बघता जिंकली. तिकीट मिळालं, पण ते नुसतं निवडीचं. बोटीचं आणि विमानाचं तिकीट ज्याचं त्याने काढायचं होतं!

मग सुरू झाली वणवण. सरकारकडे मदत मागितली, ती वेळेवर मिळाली नाही. गोळेश्वरच्या आणि कराडच्या लोकांनी आपापल्या परीने वर्गणी दिली. कुटुंबाने जे जमेल ते केलं. तरी रक्कम पुरी होईना. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपलं राहतं घर गहाण टाकलं आणि सात हजार रुपये उभे केले.

मुलांनो, सात हजार म्हणजे आज एका साध्या मोबाइलची किंमत. म्हणून वर्गात मी मुलांना हिशेब करायला लावला. त्या काळी सोनं तोळ्याला शंभर रुपयांच्या आत-बाहेर होतं. म्हणजे सात हजारात सत्तर तोळ्यांच्या आसपास सोनं आलं असतं. आजच्या भावाने गुणाकार केल्यावर वर्ग एकदम गप्प झाला. एका शिक्षकाने एका विद्यार्थ्यासाठी, तोही पदक मिळेल याची कुठलीच खात्री नसताना, एवढं कर्ज डोक्यावर घेतलं होतं.

मी स्वतःला विचारून बघितलं की मी हे केलं असतं का. उत्तर इथे लिहीत नाही.

हेलसिंकी

खाशाबा बँटमवेट म्हणजे 57 किलो गटात उतरले. कॅनडाचे आद्रियाँ पोलिकँ, मेक्सिकोचे लेओनार्दो बासुर्तो, जर्मनीचे फर्डिनांड श्मिट्झ, या तिघांना त्यांनी हरवलं. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशी यांच्याशी. कुस्ती पूर्ण वेळ चालली आणि खाशाबा गुणांवर हरले. दमून बाहेर आले तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव यांच्याशी लढायला बोलावलं. दोन कुस्त्यांत अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी असा नियम होता, पण ते ठणकावून सांगायला आपल्या पथकातला कुणी अधिकारी तिथे हजर नव्हता, असं सांगितलं जातं. दमलेल्या अंगाने ते उतरले आणि हरले.

इशींना सुवर्ण, मामेदबेकोव यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य. तारीख 23 जुलै 1952. इशींचं ते सुवर्ण म्हणजे हेलसिंकीतलं जपानचं एकमेव सुवर्ण. आणि खाशाबांचं कांस्य म्हणजे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याच हेलसिंकीत आपले केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले. त्यांचं पदक थोडक्यात हुकलं आणि नाव जवळजवळ पुसलं गेलं. तिसरा आणि चौथा यांच्यामध्ये खेळात एखादा गुण असतो, पण लोकांच्या आठवणीत आख्खी दरी असते.

बैलगाड्या आणि कर्ज

पथक भारतात परतलं तेव्हा देशभर कौतुक चाललं होतं ते हॉकीच्या सुवर्णपदकाचं. खाशाबांचं खरं स्वागत झालं ते कराड स्टेशनवर. 151 बैलगाड्यांची मिरवणूक निघाली असं सांगतात. ढोल, लेझीम, गुलाल, फटाके. स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंतचं एरवी पाव तासात पार होणारं अंतर कापायला त्या दिवशी सात तास लागले. कुठल्या गावच्या माणसाने ऑलिम्पिक म्हणजे काय हे तोपर्यंत ऐकलं होतं? पण आपलं पोर सातासमुद्रापार कुस्ती मारून आलंय एवढं लोकांना पक्कं कळलं होतं.

मिरवणूक संपली. गाड्या सुटल्या, बैल गोठ्यात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी खाशाबांकडे एक कांस्यपदक होतं आणि खर्डेकर सरांचं घर गहाणच होतं.

आता इथे मी जरा रेंगाळणार आहे. कारण खाशाबांवरच्या बहुतेक लेखांत बैलगाड्यांवर चार परिच्छेद असतात आणि पुढच्या प्रसंगावर एक ओळ. मला मात्र पदकाइतकाच हा प्रसंग मोठा वाटतो.

खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदानं भरवली. स्वतः आखाड्यात उतरले. आता त्यांचं नाव साधं राहिलं नव्हतं, ऑलिम्पिकवीर खाशाबा जाधव झालं होतं. कुस्तीगीर तर कोल्हापुरात पैशाला पासरी होते, पण हेलसिंकीचं पदक मारून आलेला एकच. त्याला बघायला लोक आले. खाशाबांनी त्यातल्या कित्येक कुस्त्या स्वतः जिंकल्या. आलेल्या कमाईतून त्यांनी खर्डेकर सरांचं कर्ज फेडलं आणि घर सोडवून दिलं.

विचार करून बघा. कॉलेजच्या मैदानातून पुढे आलेला एक खेळाडू. त्याच्याकडे शेतीवाडीचा मोठा डोलारा नाही, नोकरी नाही, सरकारी बक्षीस नाही. विकता येईल अशी एकच वस्तू त्याच्याकडे आहे, ती म्हणजे त्याचं नाव. ते नाव त्याने बाजारात आणलं, लोकांकडून पैसे घेतले आणि बदल्यात खरी कुस्ती दिली. पैसे कशासाठी हवे होते तेही स्वच्छ होतं. मला यात कमीपणाचं काही दिसत नाही. उलट, हे नाव तेव्हा चाललं नसतं तर एका शिक्षकाचं घर गेलं असतं.

तिकडच्या जगाचा नियम

पण मित्रांनो, त्या काळच्या ऑलिम्पिकचा नियम नेमका याच्या उलट होता. ऑलिम्पिक हौशी खेळाडूंसाठी. खेळातून पैसा घेतला की तो माणूस धंदेवाईक, त्याला दार बंद.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं. जिम थॉर्प हा मूळ अमेरिकन आदिवासी समाजातला विद्यार्थी. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदकं जिंकली. पुढच्याच वर्षी उघडकीला आलं की शिकत असतानाच्या काळात, 1909 आणि 1910 च्या उन्हाळ्यात, तो किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता. धावण्या-उड्यांशी त्याचा काही संबंध नव्हता, तरी दोन्ही पदकं काढून घेतली. ती परत देण्याचा निर्णय झाला 1982 मध्ये, तेव्हा थॉर्पला जाऊन 29 वर्षं झाली होती. आणि त्या स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव लागायला 2022 साल उजाडावं लागलं. योगायोग बघा, त्याच स्टॉकहोममध्ये थॉर्पच्या मागे राहिलेले एव्हरी ब्रंडेज 1952 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष निवडले गेले आणि हौशीपणाचा नियम त्यांनी वीस वर्षं कडकपणे राबवला. ब्रंडेज स्वतः बांधकाम व्यवसायातले श्रीमंत गृहस्थ होते. पोट भरलेल्या माणसाला दुसऱ्याने फुकट खेळावं असं वाटणं सोपं असतं.

म्हणजे ज्या काळात खाशाबा कोल्हापुरात मैदानं भरवून गुरूचं घर सोडवत होते, त्या काळात ऑलिम्पिकचे धुरीण खेळाडूच्या खिशात पैसा पडू नये म्हणून पहारा देत होते. जत्रेत फेट्यात खोचलेली नोट आणि त्यांची ती शपथ, यांचा मेळ बसणंच अवघड.

अमेरिकेतल्या कॉलेजांत तर हा पहारा अगदी परवापर्यंत होता. तिथे कॉलेजच्या फुटबॉल-बास्केटबॉल सामन्यांना हजारोंची गर्दी जमते, दूरचित्रवाणीचे करार होतात, प्रशिक्षकांना गलेलठ्ठ पगार मिळतात. खेळणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र शिष्यवृत्ती सोडून काही घ्यायची बंदी. स्वतःच्या सहीचा टी-शर्ट विकला तरी कारवाई. अनेक वर्षं कोर्टकज्जे झाले आणि अखेर 1 जुलै 2021 पासून तिथल्या कॉलेज खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातीतून पैसे मिळवायची मोकळीक मिळाली. 2025 च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठंही त्यांना थेट पैसे देऊ लागली आहेत. आपल्याकडे अशी बंदी कधी नव्हती. पण आपल्याकडे बाजारही नव्हता, त्यामुळे बंदीची गरजच कुणाला वाटली नाही.

पुढची बत्तीस वर्षं

खाशाबांचं नाव पुढे फारसं कामाला आलं नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे ते असं.

1955 मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले. 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकच्या तोंडावर गुडघा दुखावला आणि तो रस्ता बंद झाला. खात्यातल्या कुस्त्या त्यांनी जिंकल्या, इतरांना शिकवलं. 27 वर्षं नोकरी केली. पदकाकडे बघून भराभर बढत्या मिळाल्या असं काही झालं नाही. सहायक पोलीस आयुक्त या पदापर्यंत पोचायला निवृत्तीची वेळ आली. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी त्यांना झगडावं लागलं. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत मशाल घेऊन धावण्याचा मान तेवढा मिळाला. 14 ऑगस्ट 1984 रोजी मोटारसायकलच्या अपघातात ते गेले. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी.

मग हळूहळू लोकांना आठवण झाली. 1996 मध्ये लिअँडर पेसने अटलांटाला टेनिसमध्ये कांस्य मिळवलं, तेव्हा आधीचं वैयक्तिक पदक कुणाचं म्हणून सगळ्यांनी शोध घेतला. मधे 44 वर्षं गेली होती. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर मिळाला, अर्जुन पुरस्कारही मरणोत्तर. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी दिल्लीत बांधलेल्या कुस्ती संकुलाला त्यांचं नाव दिलं. 2023 च्या 15 जानेवारीला गुगलने डूडल केलं. आता महाराष्ट्रात 15 जानेवारी हा राज्य क्रीडा दिन आहे. पद्म पुरस्कार मात्र अजून नाही.

2024 मध्ये पॅरिसला आपल्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य घेतलं. राज्य सरकारने एक कोटी रुपये जाहीर केले, रेल्वेने बढती दिली, जाहिरातींसाठी विचारणा होऊ लागली. मध्ये 72 वर्षांचं अंतर आहे, हे मान्य. आणि स्वप्नीलला मिळालं ते योग्यच मिळालं. तरी दोन्ही कांस्यपदकं शेजारी ठेवून बघितली की खाशाबांच्या वाट्याला एकदाच काय ती नावाची कमाई आली, आणि तीही त्यांनी दुसऱ्याचं घर सोडवायला दिली, हे डोळ्यांसमोरून हलत नाही.

टी-शर्टचं काय झालं?

वर्गात गोष्ट संपल्यावर पहिला हात त्याच मुलाचा वर गेला. त्याला विचारायचं होतं की खाशाबांनी पैसे घेतले म्हणजे त्यानेही घ्यायला हरकत नाही ना.

मी त्याला सांगितलं की पैसे घ्यायला माझी हरकत नाही, डब्याला आहे. खाशाबांनी लोकांना कुस्ती दाखवून पैसे घेतले, म्हणजे जी गोष्ट त्यांना पक्की येत होती आणि जिची खात्री ते स्वतः देऊ शकत होते तीच विकली. त्या पावडरमध्ये काय आहे हे या मुलाला माहीत नाही आणि बहुधा दुकानदारालाही नाही. उत्तेजक चाचणीत काही सापडलं तर खेळाडूने ते जाणूनबुजून घेतलं की डब्यातून नकळत पोटात गेलं, याचा विचार शिक्षा ठरवताना होतो. दोष मात्र त्याच्याच माथी लागतो. वेटलिफ्टिंगमध्ये अशा प्रकरणांनी किती जणांची वर्षं वाया गेली हे जिममध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानदार दुसरा चेहरा शोधेल. मुलाचं नाव त्याच्यापाशीच राहील आणि तेही डागाळलेलं. शिवाय जे काही ठरेल ते कागदावर हवं. किती दिवस, किती पैसे, फोटो नंतर कुठे कुठे वापरणार. आणि तो अजून अठरा वर्षांचा नाही, तेव्हा सही वडिलांचीच लागणार.

तो नाराज होऊन बसला. तीन हजार ही त्याच्यासाठी लहान रक्कम नव्हती आणि ते मला कळत होतं. मग त्यानेच विचारलं की शूजच्या दुकानाने विचारलं असतं तर चाललं असतं का. मी म्हटलं, बूट घालून बघ, टिकले तर खुशाल सांग लोकांना. वर्ग हसला. आता तो आणि त्याचे वडील दोघे मिळून खेळाच्या सामानाच्या एका दुकानात बोलून आलेत. पैसे कमी आहेत, पण पट्टा आणि बूट मिळतील असं दिसतंय. वडिलांचा राग निम्मा उतरलाय. त्याच्या प्रशिक्षकांनीही खेलो इंडियाच्या निवडीसाठी तयारी कर म्हणून मागे लागायला सुरुवात केलीय, कारण तिथे निवड झाली तर महिना दहा हजार रुपये हातखर्चाला मिळतात.

वर्गाला मी एक घरचा अभ्यास दिला होता. घरात, गल्लीत, वस्तीवर ज्यांनी कधी मैदानात कुस्ती केली असेल अशा एका म्हाताऱ्या माणसाला गाठायचं आणि पहिलं इनाम किती मिळालं, त्याचं काय केलं, हे विचारून लिहून आणायचं. सोमवारी वह्या आल्या. कुणाच्या आजोबांना नारळ, कुणाच्या चुलत्यांना सव्वा रुपया आणि टॉवेल. एका वहीत लिहिलं होतं की इनामाच्या पाच रुपयांतून धाकट्या बहिणीला परकराचं कापड घेतलं.

तो मुलगा वहीबरोबर एक पिवळा पडलेला कागदही घेऊन आला होता. कुठल्याशा जत्रेच्या मैदानाची जाहिरात, त्याच्या पणजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेतली. खालून तिसऱ्या जोडीत पणजोबांचं नाव होतं. छापताना आडनाव चुकलेलं होतं, आणि कुणीतरी शाईच्या पेनाने ते नीट दुरुस्त करून ठेवलं होतं.